जरा सरकून घ्या

मुंबईच्या लोकलमध्ये एक बाक तिघांसाठी असतो, असं रेल्वे म्हणते. कल्याण-डोंबिवलीचा माणूस हे मानत नाही. त्याच्या हिशेबात बाक चौघांचा असतो. तिघं ऐसपैस बसलेले दिसले की तो समोर उभा राहतो आणि हळूच म्हणतो, "जरा सरकून घ्या." आणि तिघं सरकतात. चौथ्याला टेकण्यापुरती जागा मिळते. वानखेडे स्टेडियमची गोष्ट सांगताना मी लोकलपासून का सुरुवात केली, हे तुमच्या पुढे लक्षात येईल.

मी कल्याणचा. ठाण्याला १९८२ पासून दादोजी कोंडदेव स्टेडियम आहे. तिथे रणजीचे सामनेही झाले. पण कसोटी सामना किंवा विश्वचषक म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला चर्चगेटच गाठावं लागे. पहाटेची लोकल कल्याणला पकडायची, डोंबिवलीला चढणाऱ्या मित्रासाठी रुमाल टाकून जागा धरायची, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची गाडी घ्यायची. पिशवीत अंडा-पाव आणि कालचं वर्तमानपत्र. वर्तमानपत्र वाचायला नव्हे, बूड टेकायला.

५ नोव्हेंबर १९८७ रोजी विश्वचषकाची उपांत्य फेरी आम्ही अशीच पाहिली. मित्राच्या मामांनी ऑफिसातून दोन तिकिटं मिळवली होती. ग्रॅहम गूचने आमच्या फिरकी गोलंदाजांना स्वीप मारून मारून ११५ धावा केल्या आणि भारत ३५ धावांनी हरला. गूच मला दिसला तो जाळीच्या चौकोनांतून. गर्दी वाढत गेली तसतसे आम्ही सरकत गेलो. सकाळी दोघांनी घेतलेल्या जागेत दुपारी चौघं होते. त्यातला एक ठाण्याचा होता, एक विरारचा. संध्याकाळी चौघंही मान खाली घालून एकत्रच बाहेर पडलो.

आता थोडा इतिहास सांगतो. कारण मुंबईत मैदानं बांधली गेली, बदलली गेली, त्यामागे खेळाइतकाच बसण्याच्या जागेचा प्रश्न होता.

भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाला. त्यानंतर बॅकबेच्या भराव घातलेल्या जमिनीवर ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. १९३७ मध्ये ते खुलं झालं आणि त्या काळची पंचरंगी स्पर्धा तिथे आली. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा 'द रेस्ट' असे धर्मावरून आणि जमातीवरून पाडलेले पाच संघ. पण पहिल्याच वर्षी हिंदूंचा संघ स्पर्धेतून बाहेर पडला. कारण काय? हिंदू जिमखान्याला नव्या स्टेडियममध्ये दिलेल्या जागा पुरेशा नव्हत्या. इतकं मोठं, नवंकोरं स्टेडियम आणि भांडण खुर्च्यांचं!

आमचे दादा, म्हणजे आजोबा, त्या दिवसांत परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते. ते सांगायचे ती आठवण १९४३ च्या अंतिम सामन्याची. सामना हिंदू विरुद्ध रेस्ट. विजय मर्चंटनी नाबाद २५० केल्या होत्या. उत्तरात विजय हजारेंनी रेस्टच्या दुसऱ्या डावात ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. फलंदाज मराठी ख्रिश्चन, समोर हिंदूंचा संघ आणि टाळ्या वाजवणारे आमचे दादा मुसलमान. त्यांचा म्हणावा असा संघ त्या सामन्यात नव्हताच. "मग तुम्ही कुणाच्या बाजूने होतात?" असं मी विचारलं की ते म्हणत, "अरे, बसायला जागा मिळाली होती. जो खेळेल त्याच्या बाजूने." ती स्पर्धा १९४६ नंतर झाली नाही. जे झालं ते बरंच झालं.

खुर्च्यांचं भांडण मात्र संपलं नाही. ब्रेबॉर्न क्लबचं, आणि कसोटी सामने भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. असोसिएशनला आपल्या सभासद क्लबांसाठी जास्त जागा हव्या होत्या, क्लब त्या द्यायला तयार नव्हता. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी वेगळं स्टेडियमच बांधायचं ठरवलं. ब्रेबॉर्नपासून चालत दहा मिनिटांवर, एका बाजूला रेल्वेचे रूळ आणि दुसऱ्या बाजूला मरीन ड्राइव्ह, अशा चिंचोळ्या जागेत ते सुमारे १३ महिन्यांत उभं राहिलं. वास्तुरचनाकार होते शशी प्रभू. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याच्या द्विशतकानंतर एक मुलगा त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्या मुलाला मारलं, आणि प्रेक्षक असे खवळले की खेळ थांबवावा लागला.

ज्या वानखेडेत आम्ही सरकून बसलो ते हे. सुमारे ४५ हजार माणसं त्यात मावत. १९९१ च्या मे महिन्यात हरियाणाविरुद्धची रणजीची अंतिम फेरी तिथेच झाली. मुंबईला ३५५ धावा हव्या होत्या. शेवटचा गडी धावबाद झाला आणि मुंबई दोन धावांनी हरली. दुसऱ्या टोकाला नाबाद १३९ वर उभे असलेले दिलीप वेंगसरकर रडत होते. त्या दिवशी मी आणि माझा डोंबिवलीचा मित्र कुठे बसलो होतो, यावर आमचा आजही वाद आहे. तो म्हणतो नॉर्थ स्टँड. मी म्हणतो ईस्ट, कारण पाठीमागून जाणाऱ्या लोकलचा भोंगा मला आठवतो. तो म्हणतो, भोंगा सगळीकडेच ऐकू येई.

हा वाद आता मिटणार नाही, कारण तो मिटवायला आम्ही ज्या जागी गेलो असतो ती जागाच राहिलेली नाही. २०११ च्या विश्वचषकाआधी वानखेडेची मोठी पुनर्बांधणी झाली. नॉर्थ आणि साउथ स्टँड नव्याने बांधले गेले. बाकांच्या आणि पायऱ्यांच्या जागी एकेका माणसाच्या खुर्च्या आल्या. वर टेफ्लॉनच्या पांढऱ्या कापडाचं छप्पर आलं. वजनाला हलकं, उन्हाला टिकणारं. त्याला मधे खांबांचा आधार नाही, त्यामुळे नजरेच्या आड काही येत नाही. गरम हवा बाहेर खेचायला छपरात पंखे आहेत आणि समुद्राकडचा वारा आत येतो. काम चालू असताना, डिसेंबर २००९ मध्ये श्रीलंकेविरुद्धची कसोटी ३६ वर्षांनी ब्रेबॉर्नला परत गेली, आणि सेहवागने तिथे २९३ धावा केल्या.

या बदलात प्रेक्षकसंख्या ४५ हजारांवरून सुमारे ३३ हजारांवर आली. खुर्ची, जिना, दोन रांगांमधली वाट या सगळ्याला जागा लागते. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्यासाठी क्लबांचा आणि आयसीसीचा वाटा जाऊन सर्वसामान्यांना विकायला सुमारे ४००० तिकिटं उरली. १९३७ आणि १९७५ च्या भांडणांत निदान दोन संस्था एकमेकींशी भांडत होत्या. या वेळी आमच्या बाजूने भांडणारं कुणी नव्हतं. तो सामना आम्ही कल्याणच्या घरात पाहिला. टीव्हीसमोर शेजारपाजारचे मिळून सतराजण. सरकून सरकून बसलो.

त्यामुळे बरीच वर्षं मी नव्या वानखेडेवर रुसून होतो. माझा रुसवा काढला माझ्या मुलीने. २ नोव्हेंबर २०२३ च्या भारत-श्रीलंका सामन्याची दोन तिकिटं तिने फोनवर मिळवली आणि मला ओढून नेलं. आदल्याच दिवशी आवारात सचिनच्या पुतळ्याचं अनावरण झालं होतं. मी पुतळ्यापेक्षा आमची जुनी जागा शोधत होतो. सापडली नाही. श्रीलंकेचा डाव ५५ धावांत आटोपला. मुलीला मी म्हटलं, "इथे सरकून बसता येत नाही गं. शेजारच्याशी ओळखच होत नाही."

ती म्हणाली, "अब्बा, मधे मी उठून स्वच्छतागृहात जाऊन आले. परत आले तर माझी खुर्ची माझीच होती. तुमच्या वेळी अम्मी कधी आली का तुमच्याबरोबर?"

नव्हती आली. सरकून घेण्याचा आमचा जो मोठेपणा मी सांगतो, त्यात बायका किती होत्या, हे मी कधी मोजलं नव्हतं. त्या गर्दीत बसायचं, उठायचं, परत जागा मिळवायची, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. मी तिला कधी विचारलंही नव्हतं. नंबर घातलेली खुर्ची माझ्यासारख्याला थोडी आखडून टाकते, पण माझ्या मुलीला तिने हक्काची जागा दिली. म्हणून आता माझी तक्रार खुर्चीबद्दल नाही. त्या खुर्च्यांपैकी किती आपल्यापर्यंत पोचतात, एवढाच प्रश्न आहे, आणि तो मी सोडणार नाही.

आठवणीचंही तसंच आहे. धोनीचा विजयी षटकार जिथे पडला त्या खुर्च्यांची जागा २०२३ मध्ये स्मारकासाठी राखली गेली. मे २०२५ मध्ये अजित वाडेकर, शरद पवार आणि रोहित शर्मा यांची नावं स्टँडना दिली गेली. मोठ्या माणसांच्या आठवणींची अशी सोय होते, व्हायलाच हवी. आपल्यासारख्यांची आपणच करायची.

म्हणून परवा मी आणि माझा मित्र डोंबिवलीला त्याच्या घरी बसलो. गुडघ्यांमुळे त्याला आता स्टँडचे जिने चढवत नाहीत. आम्ही एकेक कागद घेतला आणि १९९१ चं वानखेडे आठवून काढलं. कुठून आत गेलो, पाणी कुठे प्यायलो, कुठे बसलो, वेंगसरकर कुठे उभे होते. दोन कागद, दोन वेगळी स्टेडियमं! वहिनींनी चहा ठेवायला टेबलावर जागा मागितली, तेव्हा दोन्ही कागद थोडे सरकवले. फाडले मात्र नाहीत. तुमच्या घरातही कुणी त्या पायऱ्यांवर बसलेलं असेल. त्यांच्यापुढे कागद ठेवा आणि विचारा, तुम्ही नेमके कुठे बसला होतात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)