आउट तेरा, पण जिंकणारे किती?

मागच्या व्हिडिओत मी पत्ते घेऊन बसलो तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, धंद्याच्या चॅनलवर पोकर कशाला?" जुगार शिकवायला नक्कीच नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदीच आणली आहे. चिंचोके घ्या आणि घरी मांडून बघा. मला त्यातली फक्त एक मोजणी दाखवायची आहे. ती आधी कळली असती तर माझी एक दिवाळी वाचली असती.

ओमाहात प्रत्येकाला चार पानं मिळतात. मध्ये पाच पानं उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). हातातली बरोबर दोन आणि मधली बरोबर तीन घेऊनच डाव जुळवायचा. टेक्सास होल्डेम खेळलेले लोक हमखास इथेच चुकतात. सलग पाच पानं म्हणजे स्ट्रेट. रमीतल्या सिक्वेन्ससारखंच, फक्त रंग वेगवेगळे असले तरी चालतात. जे पान आलं की स्ट्रेट पूर्ण होईल, ते 'आउट'.

आता समजा फ्लॉपवर नव्वी, अठ्ठी, दुर्री आली, तिन्ही वेगळ्या रंगांची. दोन वेगवेगळे हात बघू.

पहिला हात: राणी, गुलाम, दश्शी, तिर्री. सत्ती आली (चार पानं) किंवा आणखी एक राणी, गुलाम, दश्शी आली (प्रत्येकी तीन) की स्ट्रेट. एकूण १३ आउट.

दुसरा हात: सत्ती, छक्की, पंजी, तिर्री. इथे दश्शी चार, आणि सत्ती, छक्की, पंजी प्रत्येकी तीन. पुन्हा १३च!

न दिसलेली पानं ४५. म्हणजे पुढचंच पान कामाचं येण्याची शक्यता दोघांनाही सुमारे २९ टक्के. पॉटमध्ये समोरच्याची १०० ची बोली धरून ३०० चिंचोके आहेत आणि तुम्हाला १०० घालायचे आहेत. २५ टक्के शक्यता असली तरी परवडतं. मग दोघांनी घालावेत?

पहिल्यानं जरूर. तेरापैकी कुठलंही पान आलं तरी त्या घडीला त्याच्यापेक्षा मोठा डाव कुणाकडे असूच शकत नाही. याला 'नट' म्हणतात. (रिव्हरला जोडी पडून कुणाचं फुल हाउस झालं, तर ते वेगळं दुखणं.)

दुसऱ्याचं बघा. दश्शी आली तर राणी-गुलामवाला वर. सत्ती आली तर गुलाम-दश्शीवाला वर. छक्की आली तर दश्शी-सत्तीवाला वर. पक्की फक्त पंजी, म्हणजे ४५ पैकी ३, पंधरात एक. आणि खरी मेख पुढे आहे. पान आलं नाही तर त्याचे १०० च जातात. पान आलं, की गडी खूश होऊन आणखी लावतो आणि मग हरतो.

आमच्या दुकानात हेच झालं. दिवाळीच्या ड्रायफ्रूट बॉक्ससाठी पंधराएक ऑफिसांनी चौकशी केली. मी सगळ्या धरून माल भरला. बहुतेकांना होलसेलरचाच भाव हवा होता, वर ६० दिवसांची उधारी. मी "घ्या" म्हणालो, कारण ऑर्डर येतेय ना! नंतर हिशेब मांडताना बायको म्हणाली, "ज्या ऑर्डर गेल्या त्यांनी आपलं काही नेलं नाही. मिळाल्या त्यांनीच नेलं."

तेव्हापासून वहीत चौकशीपुढे दोन रकाने असतात: 'येईल का' आणि 'आली तर उरेल का'. दुसरा रकाना भरायला आजही जिवावर येतं, खोटं कशाला सांगू.

आता तुमचा गृहपाठ. फ्लॉप तोच. हातात गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की. आउट निघतात तब्बल २०, आणि त्यातले पक्के १४. वगळलेली सहा पानं कोणती आणि का, ते मांडून बघा. पुढच्या व्हिडिओची सुरुवात तिथूनच करू.