गंध जळून गेल्यावर

गॅस गीझरची तक्रार आली की मेकॅनिक आधी नाक पुढे करतो. वास येतोय का? मग सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद, खिडकी सताड उघडी, विजेच्या बटणाला हात नाही. नळी वाकवून भेगा बघायच्या, तिच्यावर छापलेली मुदत बघायची, शेवटी सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा दिसला की क्लिप आवळायची. हे सगळं व्हायलाच हवं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, न्हाणीघराच्या फरशीलगत साचतो आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की एक ठिणगी पुरते. म्हणून तर त्यात मर्कॅप्टन घालून त्याला मुद्दाम घाण वास दिलेला असतो. पण हा वास गळणाऱ्या गॅसचा पहारेकरी आहे, जळणाऱ्या गॅसचा नव्हे. ज्योतीत मर्कॅप्टनही जळून जातं, आणि अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गळती थांबली की इंधनाच्या वाटेचं काम संपलं, असं समजणारी सर्व्हिसिंग अर्धीच म्हणायची.

दुखणं जन्मापासूनचं आहे. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन मॉन यांनी पहिला गॅस गीझर केला आणि आइसलँडच्या उष्ण झऱ्यावरून त्याला नाव दिलं. धूर बाहेर नेणारी नळी त्याला नव्हती. आपल्याकडच्या कित्येक न्हाणीघरांत ती आजही नाही.

उरलेली अर्धी सर्व्हिसिंग जेटपाशी आहे. जेट म्हणजे पितळेची इवलीशी बोंडी, आणि तिचं भोक मिलिमीटरहूनही बारीक. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने रबरी डायफ्राम सरकतो, पिन मायक्रोस्विच दाबते, सेलवर ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. त्या भोकातून सुसाट निघालेला गॅस शेजारची हवा स्वतःच ओढून घेतो. एक माप एलपीजी पुरता जळायला पंचवीस ते तीस मापं हवा लागते, आणि हे प्रमाण ठरवायला भोक आणि हवेची वाट यांच्याखेरीज तिथे दुसरं काही नाही. वाटेत कोळ्याचं जाळं अडकलं की हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते, वरच्या तांब्याच्या पात्यांवर काजळी धरते, काजळीने धुराची वाट चोंदते आणि ज्योत आणखी पिवळी होते. अशा वेळी जेटमध्ये सुई घालून तो ‘साफ’ करायची सर्रास पद्धत आहे. पितळ मऊ, सुईने भोक रुंदावतं. गॅस वाढतो, हवा तेवढीच राहते. पाणी जरा जास्त तापतं आणि गिऱ्हाईक खूश होतं! पाइपचा गॅस घेतल्यावर बदललेले मोठ्या भोकाचे जेट पुन्हा सिलिंडर जोडताना तसेच ठेवले, तरी हाच घोटाळा.

यावर म्हणतात, ज्योत विझली की सेन्सर गॅस तोडतोच ना? तोडतो. पण ज्योत आहे की नाही, एवढंच त्याला कळतं. ती काय ओकते आहे ते कळत नाही. प्राणवायू घटला की बंद पडणारे गीझर आहेत, पण सगळे तसे नाहीत. एक्झॉस्ट पंखा आहे, हा दुसरा आधार. हवा आत यायला दुसरी वाट नसेल तर तोच पंखा धुराच्या नळीतून धूर उलटा खेचतो.

हिशेब ढोबळच करू. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गीझर दहा मिनिटांत पावणेदोन घनमीटरच्या आसपास हवा खातो. पाच बाय सात फुटांच्या न्हाणीघरात सारी मिळून आठ घनमीटर. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे थोडासाही पुरे होतो. चक्कर येते आणि ती वाफेची, उपाशीपोटाची म्हणून सोडून दिली जाते.

खरी अडचण पाहण्याच्या वेळेची आहे. मेकॅनिक येतो भर दुपारी. दार उघडं, खिडकी उघडी, जेट नवे, ज्योत निळीशार. तो पाच मिनिटं बघतो, सही घेतो आणि जातो. नाशिकच्या डिसेंबरात पहाटे सहाला त्याच न्हाणीघराची कडी आतून लागलेली असते, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं असतं आणि एकामागून एक चौथी आंघोळ चालू असते. त्या वेळची ज्योत कोणत्या रंगाची असते, हे बघायला तिथे मेकॅनिक नसतो.