हृदयही वारशात मिळते



'नाक अगदी आजोबांसारखं' असं आपण सहज म्हणतो. आनुवंशिकता शिकवतानाही अशीच उदाहरणे देतो. पण हृदयाच्या स्नायूची घडणही आई-वडिलांकडून येते, हे सांगायचे राहून जाते.

हृदयाच्या स्नायूत अनेक प्रथिने काम करतात. प्रत्येक प्रथिन कसे बनवायचे याची कृती जनुकात लिहिलेली असते. कृतीत चूक असेल तर प्रथिन बिघडते. हृदय बरीच वर्षे सांभाळून घेते, पण काहींचा स्नायू जाड होतो, तर काहींचे हृदय सैल पडून मोठे होते. मग शरीराला पुरेसे रक्त पोहोचत नाही. यालाच हार्ट फेल्युअर म्हणतात. म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हार्ट अटॅक वेगळा, त्यात हृदयाची रक्तवाहिनी अडते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. एमवायबीपीसी३ नावाच्या जनुकात २५ अक्षरे गळालेली असणे, हा बदल भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो. हैदराबादच्या सीसीएमबीतील आणि इतर शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हे 'नेचर जेनेटिक्स'मध्ये मांडले. ५० जणांत साधारण दोघे! हृदयस्नायूच्या रुग्णांत हा बदल जास्त दिसला. पण घाबरू नका. बदल असला म्हणजे आजार होणारच असे नाही. अनेकांना तरुणपणी काहीच त्रास नसतो.

मग आपण काय करायचं?

१. घरात कोणी कमी वयात अचानक गेले का, कोणाचे हृदय 'मोठे' किंवा 'जाड' सांगितले होते का, हे मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

२. धावताना मूल चक्कर येऊन पडले किंवा छातीत दुखतंय म्हणाले, तर 'उपाशी आला असेल' म्हणून सोडू नका. खेळ थांबवा, पालकांना कळवा. डॉक्टर गरजेनुसार ईसीजी, टू-डी इको करायला सांगतात.

३. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येईल तेव्हा ही माहिती त्यांना द्या. मात्र वर्गात सगळ्यांसमोर मुलाला घरच्या आजाराबद्दल विचारू नका.

जनुके बदलता येत नाहीत, पण वेळेवर कळले तर औषधोपचार आणि काळजी घेता येते. आज जेवताना आजीला एकदा विचारून बघा.