पुसलेली पाटी आणि सरकारी नोकरी

महाभारताच्या आदिपर्वांत अणीमांडव्य ऋषींची कथा आहे. चोरीचा खोटा आळ येऊन राजाज्ञेनें त्यांस सुळावर चढविण्यांत आलें. पुढें त्यांनीं यमधर्मास याचें कारण विचारलें. तेव्हां, बाळपणीं तुम्ही किड्यांना गवताची काडी टोंचली होती, त्याचें हें फळ, असें उत्तर मिळालें. ऋषींनीं संतापून धर्मास शाप दिला, आणि चौदा वर्षांच्या आंतील कृत्यास पातक मानूं नये, अशी मर्यादा घालून दिली.

आजचा कायदा बालकास अठरा वर्षांपर्यंत याच दृष्टीनें पाहतो. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या २४ व्या कलमान्वयें, या कायद्याखालीं दोषी ठरलेल्या मुलास त्या दोषामुळें पुढें अपात्रता येत नाहीं. अपिलाची मुदत सरल्यावर त्याचे कागदहि नष्ट करावयाचे असतात. चारित्र्याच्या दाखल्यासाठीं अशी नोंद पोलिसांनीं उघड करूं नये, असें ७४ वें कलम बजावतें. सोळा वर्षें पुरीं झालेल्या मुलास घोर अपराधाबद्दल प्रौढाप्रमाणें दोषी ठरविलें, तर मात्र ही सवलत नाहीं.

मग अडचण कोठें आहे? सरकारी नोकरीसाठीं निवड झाली कीं उमेदवारास साक्षांकन-पत्रक भरावें लागतें. कधीं अटक झाली होती काय, खटला झाला होता काय, असा सरसकट प्रश्न त्यांत असतो. माहिती दडविल्यास अपात्र ठरविण्याची तंबीहि असते. घरांत आजोबा म्हणतात, ‘खरें तें लिही’. काका म्हणतात, ‘कायद्यानें पुसलें तें उकरूं नको.’ दोघांचेंहि म्हणणें रास्त, आणि मुलगा मात्र पेंचांत! लिहावें तर कायद्यानें दिलेलें अभय स्वहस्तें गमवावें. न लिहावें तर लबाड ठरावें.

उमेदवारानें दिलेली माहिती खरी असावी, परंतु जें नेमकें विचारलें असेल तेवढेंच सांगण्यास तो बांधलेला आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं सांगितलें. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणांत २०१९ सालीं त्याच न्यायालयानें, अल्पवयांतील आरोपांवरून नोकरी नाकारतां येत नाहीं, असा निर्वाळा दिला. न्याय मिळाला खरा. पण त्यासाठीं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें. गरिबाच्या मुलास हें कसें साधावें?

पोलीस व सुरक्षा दलांत विश्वासू माणसें हवींत, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु घोर अपराध कायद्यानें आधींच वगळले आहेत. उरलेल्यांसाठीं पत्रकांतच एक ओळ छापावी: बालन्याय कायद्याखालीं मिटलेल्या प्रकरणाची माहिती येथें देऊं नये. एवढ्यानें सत्य व अभय यांतील झगडा मिटेल. जी पाटी सरकारनें पुसविली, ती सरकारच्याच कचेरीनें उजेडाला धरून वाचूं नये.

तोंवर वडील मंडळींनीं एक दक्षता घ्यावी. बालन्याय मंडळाच्या निकालाची प्रत जपून ठेवावी, आणि पत्रकावर सही करण्यापूर्वीं तो प्रश्न जाणत्या वकिलास दाखवावा.