म्हातारी मोटार, तरणे काळीज

देवळाली म्हटले की शहरातल्या माणसाला नाशिकजवळची लष्करी छावणी आठवते. ही देवळाली ती नव्हे. ही देवळाली प्रवरा. राहुरी तालुक्यातली, उसाच्या मळ्यांतली, नगर-मनमाड रस्त्याच्या अंगाची. गाळपाचा हंगाम सुरू झाला की इकडच्या रस्त्यांवर दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि खच्चून भरलेले ट्रक दिसू लागतात. त्यांपैकी काहींच्या अंगावर ‘टर्बो’ हा शब्द ठळकपणे रंगवलेला असतो. चढावर दम न सोडणारे इंजिन, एवढा त्याचा अर्थ इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो.

पण हाच शब्द एखाद्या जाहिरातीत असा भेटला तर? ‘1971 सालची जपानी स्पोर्ट्स मोटार. संपूर्ण नवी केलेली, टर्बो बसवलेली. विकणे आहे.’ शेजारी लांब नाकाच्या तांबड्या गाडीचे चित्र. नुकताच नोकरीला लागलेला चिरंजीव ते तीन तीनदा पाहतो आणि वडील चष्मा वर करून विचारतात, “किंमत काय म्हणतोय?” खरे तर पहिला प्रश्न किमतीचा नव्हेच. पहिला प्रश्न असा, की ही गाडी जुनी समजायची की नवी? प्रश्न वेडगळ वाटेल. पण गाडीचे मोल आणि आपल्या देशात तिला रस्ता मिळणे न मिळणे, दोन्ही गोष्टी याच उत्तरावर ठरतात.

लांब नाकाची सुंदरी

अशा जाहिरातींत जी गाडी हमखास भेटते, ती निस्सान कंपनीची. ऑक्टोबर 1969 मध्ये ती जपानात ‘फेअरलेडी झेड’ या नावाने आली. हे नाव ‘माय फेअर लेडी’ या गाजलेल्या संगीत नाटकावरून घेतलेले. अमेरिकेतला कारभार पाहणारे युताका काटायामा यांना मात्र ते दणकट गाडीला शोभेना. त्यांनी नावाची पट्टी उतरवून ‘240 झेड’ अशी लावली, असे सांगतात. 240 म्हणजे 2.4 लिटरचे इंजिन. सहा सिलिंडर एका ओळीत, अश्वशक्ती 151. अमेरिकेतली किंमत 3,526 डॉलर. युरोपच्या नामांकित गाड्यांचा रुबाब आणि भाव मात्र मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातला, हे तिचे गमक. या घराण्याच्या पाच लाखांहून अधिक गाड्या 1978 पर्यंत तयार झाल्या.

नाजूक दिसणारी ही बाई अंगाने चिवट होती. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली म्हणजे चिखल, धूळ आणि दगडगोटे यांतून हजारो मैलांची धाव. ती या गाडीने 1971 मध्ये जिंकली आणि 1973 मध्ये पुन्हा जिंकली. दुसऱ्या खेपेचा चालक होता भारतीय वंशाचा, कंपालात जन्मलेला शेखर मेहता. आदल्याच वर्षी इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देशाबाहेर काढले होते. शर्यतीअंती मेहता आणि स्वीडनचा हॅरी शेलस्ट्रोम यांचे गुण सारखे झाले आणि बारकाव्याच्या नियमावर विजय मेहताच्या पदरात पडला. पुढे त्याने ही रॅली आणखी चार वेळा जिंकली.

त्या काळात आपल्या रस्त्यांवर अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट यांचे राज्य होते. परदेशी मोटारीला दार जवळजवळ बंद. जपानी यंत्राशी मराठी घराचा खरा घरोबा जडला तो 1983 च्या डिसेंबरात मारुती आली त्यानंतर. त्यामुळे या गाडीचे कौतुक आपल्याकडे चित्रांतूनच पोसले गेले. आणि चित्रातल्या वस्तूचे दोष दिसत नसतात.

फुंकणीचे शास्त्र

टर्बो म्हणजे काय, हे चुलीपुढे बसलेल्या आजीला चटकन समजेल. लाकूड तेच, पण फुंकणीने वारा घातला की जाळ वाढतो. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एरवी वायाच जातो. टर्बोत तो एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून जोर जास्त. ही चाके मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतात. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूकी यांनी या कल्पनेचे पेटंट 1905 मध्येच घेतले होते.

पण जपानी मोटारीत टर्बो आला तो 1979 मध्ये, निस्सानच्याच सेड्रिक गाडीत. तेव्हा 1971 च्या गाडीत टर्बो असेल, तर तो मागाहून कोणीतरी बसवलेला, हे उघड आहे. आणि तो नुसता जोडून भागत नाही. 240 झेडच्या इंजिनात मिश्रण सुमारे नऊला एक या प्रमाणात दाबले जाते. वरून आणखी हवा कोंबली तर पेट्रोल अवेळी पेटते, इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. म्हणून निस्सानने 1981 मध्ये 280 झेडएक्स टर्बो काढली, तेव्हा हे प्रमाण 7.4 वर उतरवले. तिची अश्वशक्ती होती 180. जाणते कारागीर बहुधा हेच अख्खे इंजिन जुन्या गाडीत बसवतात. मग ब्रेक, गिअरपेटी आणि रेडिएटर हेही त्या तोलाचे करावे लागतात. कारण मूळ गाडीला मागे ड्रमचे ब्रेक होते. काळीज तरणे बसवले तरी गुडघे म्हातारेच राहिले, अशी गत होऊ नये.

जपणे वेगळे, वाढवणे वेगळे

नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार जपून ठेवली आहे. तिच्यात नवे इंजिन घालावे, असे कोणाच्या मनातही येणार नाही. जुन्या वस्तूचे मोल तिच्या जुनेपणात असते. खुद्द निस्सानने 1997 च्या सुमारास अमेरिकेत जुन्या 240 झेड विकत घेतल्या, मूळ बरहुकूम नव्या करवल्या आणि सुमारे 25 हजार डॉलरला विकल्या. काम इतके खर्चाचे ठरले, की पन्नासाच्या आतच गाड्या झाल्या. उलट जानेवारी 2020 मध्ये फारसा हात न लागलेली अशीच एक गाडी लिलावात 3 लाख 10 हजार डॉलरला गेली. टर्बोवाली गाडी पळेल जास्त. पण संग्राहक इतके पैसे मोजतो ते मूळपणासाठी.

आपला कायदाही हाच भेद करतो. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये ‘विंटेज’ वाहनांसाठी नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि तिच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी विकता येते, पण रोज कचेरीला नेता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे टर्बो बसवला, की हे दार मिटले. दुसरे दार साध्या नोंदणीचे. तिथे मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आडवे येते. कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे.

घेणाऱ्याने काय पाहावे

तरीही मन ऐकत नसेल, तर रंगाच्या चकाकीवर भाळू नये. या गाडीचा जुना शत्रू गंज. बॅटरीखालचा पत्रा, पायाखालची जमीन, खालचे लांब दांडे आणि मागच्या चाकांपुढचा भाग चांगल्या मेस्त्रीकडून, गाडी वर उचलून, पाहून घ्यावा. जाड लांबी भरून झाकलेला गंज चुंबकाने कळतो. पत्रा असेल तिथे चुंबक चिकटतो, लांबी असेल तिथे घसरतो. चॅसिस आणि इंजिन यांचे नंबर कागदाशी ताडावेत. गाडी परदेशातून आलेली असेल, तर जकातीच्या पावत्या मूळ रूपात मागाव्यात. कामाचे फोटो आणि बिले दाखवायला विकणारा कां-कूं करील, तर उठून यावे. आणि मूळ इंजिन काढून ठेवलेले असेल, तर ते गाडीबरोबरच पदरात पाडून घ्यावे. गाडीला पुन्हा तिच्या मूळ रूपाकडे न्यायचे झाले, तर ते लागणारच.

टर्बोची हौस खोटी नाही. पण ती पुरवायची जागा म्हणजे चेन्नई-कोइमतूरकडचे शर्यतीचे बंदिस्त मार्ग. मुलाने जाहिरात पुढे केली, तर वडिलांनी त्याला एवढेच विचारावे: “तुला ही गाडी जपायची आहे, की पळवायची आहे?” त्याचे उत्तर पक्के झाले, की मग किमतीची बोलणी करायला हरकत नाही.