वेब सर्व्हरची न दिसणारी खाती

ग्रंथालयांचे व्यवहार संगणकावर आणण्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली सिद्ध केली. कोणत्याही ग्रंथालयाची सूची वाचकास घरबसल्या पाहता यावयाची, तर ती पुरविणारा एक कार्यक्रम संगणकावर असावा लागतो. त्यास वेब सर्व्हर म्हणतात. विंडोज संगणकावर हे काम बहुधा मायक्रोसॉफ्टचा ‘आय.आय.एस.’ हा कार्यक्रम करतो. तो बसविल्यावर पुष्कळांस एक कोडे पडते : जुन्या पुस्तिकांत सांगितलेली खाती वापरकर्त्यांच्या यादीत कोठेच आढळत नाहीत!

मुळात ही खाती हवीत कशाला? ग्रंथालयात आलेला अनोळखी वाचक स्वतः कोठारात शिरत नाही. सेवक त्याच्यासाठी ग्रंथ आणून देतो, आणि सेवकासही ठराविक दालनांच्याच किल्ल्या दिलेल्या असतात. वेब सर्व्हरही अनामिक वाचकाच्या वतीने एका मर्यादित अधिकाराच्या खात्याने फाइल उघडतो.

विंडोज सर्व्हर २००३ पर्यंत आय.आय.एस. बसविताच ‘आय.यू.एस.आर.’ या अक्षरांपुढे संगणकाचे नाव जोडलेले एक साधे खाते निर्माण होई. त्यास परवलीचा शब्द असे आणि प्रत्येक संगणकावर त्याची अंतर्गत ओळख निराळी असे. त्यामुळे फाइली दुसऱ्या संगणकावर नेल्या की त्यांवरील परवानग्या निरुपयोगी ठरत. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये ही अडचण दूर करण्यात आली. आता ‘आय.यू.एस.आर.’ हे प्रणालीतच अंगभूत असलेले खाते आहे. त्यास परवलीचा शब्द नाही, आणि त्याची ओळख सर्वत्र एकच आहे. पुढे २००८ आर-२ या आवृत्तीपासून कार्यक्रम चालविणाऱ्या प्रत्येक ‘ॲप्लिकेशन पूल’साठी त्याच्याच नावाचे एक आभासी खाते वापरले जाऊ लागले. ही दोन्ही खाती नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. म्हणजे ती हरवलेली नसून त्यांची नोंदवही वेगळी आहे, इतकेच.

म्हणून पृष्ठाऐवजी ‘४०१.३’ हा त्रुटिक्रमांक दिसल्यास प्रथम पूल कोणत्या नावाने चालतो, ते आय.आय.एस.च्या व्यवस्थापकात पाहावे. नंतर फोल्डरच्या सुरक्षा-चौकटीत स्थान म्हणून तोच संगणक निवडावा आणि खात्याचे नाव यादीत न शोधता स्वतः टंकावे. पूलसाठी ‘आय.आय.एस. ॲपपूल’, मग उलटी तिरकी रेघ आणि त्यापुढे पूलचे नाव, असा क्रम असतो. अनामिक वाचकासाठी ‘आय.यू.एस.आर.’ एवढेच टंकणे पुरे. या खात्यांस केवळ वाचनाचा अधिकार द्यावा.

जुन्या नावाचे खाते हाताने निर्माण करणे व्यर्थ होय. नवा सर्व्हर आपण होऊन त्याचा उपयोग करीत नाही. त्याहून घातक उपाय म्हणजे ‘सर्वांस पूर्ण अधिकार’ देणे. त्याने पृष्ठ तत्काळ उघडेल खरे. परंतु सर्व्हरवरील कार्यक्रमात एखादी उणीव निघाली, तर कोणा आगंतुकास ग्रंथसूची बदलता किंवा पुसताही येईल. किल्ली सापडत नाही म्हणून कोठाराचे दार काढून ठेवावे, तसाच हा प्रकार होय.