हिरड्याचा तुरटपणा व त्याचे रक्षण

हिरडा तोंडात धरिला असता जीभ आवळल्यासारखी होते, हा अनुभव कोणास नाही? या तुरटपणाचे मूळ टॅनिन होय. गॅलिक आम्लासारखी आम्ले शर्करेशी जोडली जाऊन ते बनते. हे आम्ल स्वीडनच्या शेले या रसायनज्ञाने १७८६ साली वेगळे केले. त्रिफळ्याच्या तिन्ही फळांत ते आहे. टॅनिन जिभेवरील प्रथिनांस जखडते, तसेच कातड्यातीलही. म्हणून चामडे कमाविण्यास हिरडा लागतो.

आम्ही महसूल खात्यात कारकून असता जुन्नरकडील एका डोंगरगावी मुक्कामास होतो. अंगणात वाळत घातलेल्या बाळहिरड्यावर रात्री वळीव कोसळला. सकाळी तपकिरी पाणी ओघळत होते. पुढे मालास बुरशी लागली व भाव निम्मा आला. घरधनी म्हणाला, "भाऊसाहेब, पाण्याबरोबर पैका वाहून गेला."

शास्त्रही तेच सांगते. टॅनिन पाण्यात विरघळते. बुरशी त्याचे विघटन करून गॅलिक आम्ल मोकळे करिते, आणि नुसत्या त्या आम्लाने कातडे कमावले जात नाही.

तरी शेतकरी बंधूंनी हिरडा रात्री छपराखाली घ्यावा, पूर्ण वाळल्यावाचून पोती भरू नयेत, व ओला माल लोखंडी घमेल्यात ठेवू नये. लोहाच्या संयोगाने तो काळा पडतो. झाडाने वर्षभर साठविलेले धन एका रात्रीच्या आळसाने दवडू नये.